पुरुषाने दुखणं सांगायचं कुठे? खान्देशातल्या तिन्ही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय: पुरुषांच्या लघवीच्या व जननेंद्रियांच्या तक्रारी ऐकून घेण्याची सोय गावपातळीवर करणेबाबत

महोदय,

चोपडा तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं औषधाचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, पण लाज वाटणाऱ्या दुखण्यांची पहिली कुजबुज डॉक्टरच्या आधी आमच्या काउंटरवर होते. रात्री आठनंतर गर्दी विरळ झाली की एकेक जण येतो. आधी क्रोसिनचं पाकीट मागतो, सुटे पैसे मोजतो, इकडेतिकडे बघतो आणि मग म्हणतो, "रातले चार-पाच डाव उठनं पडस, काही गोळी शे का?" दुसऱ्याला 'मित्रासाठी' काहीतरी हवं असतं. तिसरा नुसता मोबाइलवरचा फोटो दाखवतो, कुठल्याशा तेलाच्या बाटलीचा.

ही माणसं आपल्या आरोग्य केंद्रांत का येत नाहीत, हा माझा प्रश्न आहे. गावात आशाताई आहेत, उपकेंद्रात सिस्टर आहेत, गरोदर मातांची तपासणी ठरलेल्या दिवशी होते, बाळांचं लसीकरण होतं. हे सगळं हवंच, त्यातलं काही काढून आम्हाला द्या असं मी म्हणत नाही. पण पन्नाशीतल्या शेतकऱ्याने सुनेच्या वयाच्या आशाताईला "माझी धार बारीक झाली" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तीस वर्षांवरच्या लोकांची असंसर्गजन्य आजारांची तपासणी आपला विभाग करतो. त्यात रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बघतात. पुरुष त्यात दंडाला पट्टा बांधून घेतो, बोट टोचून घेतो, तोंड उघडून दाखवतो आणि घरी जातो. कमरेखालचं त्याला कोणी विचारत नाही, तोही सांगत नाही.

मूतखड्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे त्याला ऋतूच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. रावेर-यावलकडे केळीची कापणी चालू असते, घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत वाहणारी पोरं घामाने निथळत असतात आणि पाणी पितात ते चहाच्या घोटाएवढं. घामातून पाणी गेलं की लघवी कमी आणि दाट होते, त्यातले क्षार एकत्र येतात आणि खडा धरतो. बायकांपेक्षा पुरुषांत हे जास्त होतं आणि एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. कंबरेतून निघून जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ ज्याने सोसली त्याला मी काय सांगावं.

अडचण त्या कळेपेक्षा नंतरच्या उपचारांची आहे. कोणी पानफुटीची पानं खातो, कोणी कुळथाचं पाणी पितो. बिअर प्यायली की खडा पडतो, हे तर आपल्याकडे इतक्या खात्रीने सांगतात की परमिट रूमवाल्यांनी पाटीच लावायची बाकी आहे. लघवी वाढते हे खरं, पण दारू नंतर शरीरातलं पाणी आणखी ओढते आणि नळीत खडा अडकलेला असेल तर वरून जोर वाढून कळ दुप्पट होते. पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते पानफुटी असो नाहीतर बुवाचा अंगारा. दहा मिलिमीटरच्या वरचा सहसा अशाने पडत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे दुखायचं थांबणं. कळ गेली म्हणजे खडा गेला असं समजून माणूस कामाला लागतो. खडा मात्र नळीत तसाच बसलेला असू शकतो. वर मूत्रपिंडात लघवी साचते, ते फुगतं आणि आवाज न करता निकामी होत जातं. म्हणून खडा पडला की नाही हे पुन्हा सोनोग्राफी करूनच ठरवावं लागतं. आणि खड्याची कळ असताना थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा ज्याला एकच मूत्रपिंड आहे त्याला कळ आली, तर तो सकाळची वाट बघण्याचा प्रसंग नाही. अडलेल्या लघवीत पू झाला तर काही तासांत जंतू रक्तात पसरून जीव जाऊ शकतो. आमच्याकडे अशा वेळी नातेवाईक डायक्लोफेनॅकची आणखी एक पट्टी न्यायला येतात. एक तर ती गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये, त्यात मूत्रपिंड आधीच ताणलेलं असेल तर ती त्याचंच नुकसान करते.

पथ्याबद्दलही एकदा अधिकृतपणे सांगून टाका. वांग्या-टोमॅटोच्या बियांचे खडे होतात म्हणून लोकांनी भरीत सोडलं आहे. खान्देशी माणसाला हिवाळ्यात भरीत सोडायला लावणं ही तशी गंभीरच शिक्षा, आणि तीही बिनकामाची, कारण बियांचा खडा होत नाही. दूध-दही सोडणंही चूक. अन्नातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला, म्हणजे खडा धरणाऱ्या क्षाराला, धरून ठेवतं, ते बंद केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. कमी करायचं ते मीठ, म्हणजे आपलं लोणचं, पापड आणि शेव. लिंबूपाणी चांगलं, मिठाशिवाय. आणि पाणी इतकं, की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी चार लिटरही पुरत नाही. मोजत कोण बसणार? लघवीचा रंग जवळपास पाण्यासारखा राहील एवढं प्यावं, ही खूण शेतातल्या माणसालाही जमते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी मात्र पाण्याचं माप डॉक्टरकडूनच घ्यावं.

उन्हाळी लागली म्हणून येणारे वेगळे. जळजळ होते, सब्जा पितो, दोन दिवसांत बरं वाटतं. बरं वाटलं तर ठीक. पण पुरुषाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर त्यामागे बऱ्याचदा काहीतरी कारण असतं: खडा, वाढलेलं प्रोस्टेट (ही मूत्राशयाखालची ग्रंथी, तिच्याबद्दल पुढे येतं), साखर. म्हणून लघवीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू कोणता ते बघणारी तपासणी, करायलाच हवी. शेजाऱ्याच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्यांनी जळजळ थांबते, जंतू मात्र शिल्लक राहतात आणि पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाहीत.

लघवीतून रक्त येणं ही गोष्ट मला सर्वांत जास्त घाबरवते, कारण ती कोणालाच घाबरवत नाही. दुखत नाही, एकदाच लाल झाली, दुसऱ्या दिवशी स्वच्छ. 'उष्णता झाली' म्हणून विषय संपतो. न दुखता लघवीतून रक्त आलं, एकदाच आलं तरी, त्याची तपासणी झाली पाहिजे, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा तीच असते. या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान. बिडीचा धूर फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून मूत्राशयात जातो. विषारी घटक लघवीबरोबर तिथेच तासन् तास साचून राहतात. बिडी ओढणाऱ्याला छातीची भीती असते, खाली काही होईल हे त्याच्या गावीही नसतं. बीट खाल्ल्याने लघवी लालसर दिसते, क्षयाच्या रिफाम्पिसिन गोळीने नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. यातलं काही घेतलं नसताना लाल दिसली, तर उष्णतेवर ढकलू नये.

आता म्हातारपणाकडे वळतो. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ग्रंथी. वयाबरोबर ती वाढतेच. पन्नाशी-साठीतल्या साधारण निम्म्या पुरुषांत ती वाढलेली असते, ऐंशीच्या आसपास बहुतेकांत. वाढलेल्या सगळ्यांना त्रास होतो असं नाही. होतो त्यांची लक्षणं अशी: रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागणं, सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक, मध्येच तुटणं, शेवटी थेंब थेंब, आणि होऊनही पूर्ण झाली नाही असं वाटणं. यासाठी जगभर सात प्रश्नांची एक साधी गुणपत्रिका वापरतात. एकूण गुण पस्तीस; सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस आणि त्यापुढे तीव्र. सात प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. आपल्या आरोग्यसेवकाच्या हातात तो एक कागद द्या, मराठीत आणि जमल्यास अहिराणीत, पावरीत. माझ्या या पत्रातली ही सर्वांत स्वस्त मागणी आहे.

कारण आज काय होतं? म्हातारा संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडतो, लग्नाला जात नाही, एसटीने धुळ्याला जायचं टाळतो. वयाचा भाग म्हणून घरचे गप्प राहतात. मग थंडीत सर्दी होते. नातू दुकानातून सर्दीची गोळी नेतो. त्या गोळ्यांमधल्या काही घटकांनी मूत्राशयाचा जोर कमी होतो किंवा तोंड आवळलं जातं, आणि रात्री लघवी साफ तुंबते. ओटीपोट दगडासारखं टणक, माणूस तळमळतो. हे ज्याच्या घरात झालंय त्याला विचारा, भर रात्री नळी टाकणारा माणूस शोधत फिरणं काय असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री हे होतं की नाही, हे गावाला आधीच माहीत असायला हवं. आम्ही दुकानदारांनी साठीच्या पुढच्या माणसाला सर्दीची गोळी देण्याआधी "लघवीला त्रास आहे का?" एवढं विचारायचा नेम करावा, अशी सूचना आपण काढलीत तर मी पहिला पाळीन.

लघवी तुंबली की किमान कळतं तरी. दुसरा प्रकार जास्त वाईट. मूत्राशय कायम भरलेलं, वरचेवर थोडी थोडी गळते, दुखत नाही. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचा ताबा गेला. आत मूत्रपिंडांवर दाब वाढत असतो आणि कळतं तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडल्याची खूण, चढलेलं असतं. वेळेवर आलं तर बहुतेकांचं काम गोळ्यांवर भागतं. त्यातली टॅमसुलोसिन रात्री जेवणानंतर घेतात आणि उठताना सावकाश उठायचं असतं, नाहीतर चक्कर येते. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रविकारांच्या शस्त्रक्रिया आहेत, हे लाभ घेऊ शकणाऱ्या कितीतरी घरांना ठाऊक नसतं.

प्रोस्टेटचा कर्करोग वेगळा. सुरुवातीला तो काहीच जाणवू देत नाही, उशिरा कंबर-मणक्याची हाडं दुखू लागतात. पीएसए नावाची रक्ततपासणी त्यासाठी आहे, पण ती साध्या वाढीने आणि जंतुसंसर्गानेही वाढते. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे कर्करोग झाला असं होत नाही, आणि ती तपासणी लॅबच्या जाहिरातीवरून नको, डॉक्टरशी बोलून करावी. वडिलांना किंवा भावाला झालेला असेल त्याने पंचेचाळिशीतच हे बोलणं करावं.

नंदुरबारच्या साहेबांना आता वेगळं सांगायचं आहे. आपल्या जिल्ह्यात आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत, तिथे हजारो मुलगे घरापासून लांब राहतात. बारा ते अठराच्या वयात अंडकोषाला पीळ पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. एकाएकी, बऱ्याचदा झोपेतच, एका बाजूला असह्य दुखतं, उलट्या होतात. पीळ पडला की रक्तपुरवठा बंद, आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच तो अंडकोष वाचण्याची चांगली आशा असते. मुलगा लाजेने "पोट दुखतंय" म्हणतो, अधीक्षक ओवा-पाणी देतात, सकाळ होते. मोलगी किंवा धडगावकडून नंदुरबार गाठायचं तर वेळेचा मोठा तुकडा घाटातच जातो. म्हणून मुलगा पोट दुखतं म्हणाला तर "खाली दुखतं का?" हे विचारायला प्रत्येक अधीक्षकाला शिकवा, आणि हो म्हणाला तर लगेच 108. सोनोग्राफीसाठीही अडू नका, थेट सर्जनकडे.

दुसरं सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात हा आजार आहे, आपल्या विभागाचं त्यावर कामही चालू आहे, 2023 पासून राष्ट्रीय मोहीम आहे. सांधेदुखी, रक्तक्षय हे सगळे सांगतात. पण सिकलसेलच्या मुलाला कोणत्याही इच्छेशिवाय लिंगाला तासन् तास ताठरपणा येऊ शकतो, प्रचंड दुखतं, आणि चार तासांच्या पुढे गेलं तर कायमचं नुकसान होऊ शकतं, हे त्या मुलाला कोण सांगतं? त्याला वाटतं आपण काही पाप केलं. सिकलसेलच्या कार्डाबरोबर ही एक ओळ त्याच्या कानावर घालणारा पुरुष कर्मचारी हवा. गुजरातेत ऊसतोडीला आणि बांधकामावर जाणाऱ्यांना तर निघण्याआधीच.

तरुणांपैकी पंधरा ते चाळीस या वयात अंडकोषात न दुखणारी गाठ लागली तर ती दाखवलीच पाहिजे. हा कर्करोग लवकर सापडला तर जवळजवळ नेहमी बरा होतो. आणि बाळाचा अंडकोष खाली उतरलेला नसेल तर 'मोठा झाला की उतरेल' म्हणत थांबू नये. सहा महिन्यांनंतरही जागेवर नसेल तर शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यावा, दीड वर्षाच्या आत ती उरकलेली बरी. लसीकरणाच्या दिवशी सिस्टरने एकदा बघितलं तरी कळेल. हायड्रोसीलचं, म्हणजे अंडकोषाभोवती पाणी साचण्याचं, तसं घाईचं काही नसतं, पण वर्षानुवर्षं धोतरात लपवून फिरण्यासारखंही त्यात काही नाही.

राहिलं ते, ज्यावर गावातला निम्मा धंदा चालतो. यात्रेत तंबू, बसस्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज', आणि आता मोबाइलवर तेलं. वीस वर्षांचा मुलगा स्वप्नदोष होतो म्हणून खंगत जातो. स्वप्नदोष हा रोग नाही आणि वीर्य गेल्याने रक्त किंवा ताकद कमी होत नाही. एवढं खरं सांगणारा कोणी सरकारी माणूस त्याला भेटत नाही, तंबूवाला मात्र भेटतो. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. त्या भिंती आपल्या कार्यालयांच्या वाटेवरच आहेत. ज्या खात्याचं ते काम असेल त्याला एक पत्र तर लिहा.

चाळिशीनंतर ताठरता कमी होऊ लागली तर तीही तपासायची गोष्ट आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे चरबी धरू लागली की त्रास आधी तिथे दिसतो, हृदयविकाराच्या काही वर्षं आधीसुद्धा. साखर, रक्तदाब, तंबाखू यांचा हिशेब तिथेच सुरू होतो. माणूस मात्र चोरून गोळी मागतो. हृदयाच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, घेतली तर रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो, आणि बिननावाच्या 'आयुर्वेदिक' पुड्यांमध्येही सिल्डेनाफिल मिसळलेलं असू शकतं. मूल होत नाही तेव्हाही तेच. बाईच्या पाच तपासण्या, दोन देवस्थानं आणि एक सवतीची चर्चा झाल्यावर नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा विषय निघतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही कारण असतं. सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी त्याचीच, ती पहिली व्हायला हवी.

म्हणून, साहेब, नवीन इमारत नको. आठवडे बाजाराच्या दिवशी पुरुष गावात येतोच. त्या दिवशी दुपारनंतर दोन तास आरोग्य केंद्रात पुरुष आरोग्यसेवक किंवा डॉक्टर पडद्याआड बसेल, असं जाहीर करा. दारावर 'पुरुषरोग' वगैरे लिहू नका, कोणी येणार नाही. 'साखर-रक्तदाब तपासणी' लिहा, सात प्रश्न आत विचारा. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मूत्रविकारांचे रुग्ण कोणत्या वारी, कोणत्या खोलीत बघतात हे विचारून घ्या आणि तो कागद प्रत्येक उपकेंद्रात लावा. गुप्त संसर्गासाठी सुरक्षा क्लिनिक आहे, पोरांसाठी मैत्री क्लिनिक आहे, पण ती ज्यांच्यासाठी आहेत त्यांनाच त्यांची नावं माहीत नाहीत.

हा कागद छापलात तर दोन प्रती माझ्याकडे पाठवा. एक दुकानात लावतो, दुसरी समोरच्या सलूनमध्ये. तिथे माणसं पाऊण तास निवांत बसतात आणि भिंतीवरचं सगळं वाचतात.

आपला,
एक औषध दुकानदार
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव